बदललेली जुनी मस्टँग बघायला जाताना: आधी पत्रा, मग जोड्या, इंजिन शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहता. पेन्सिल्व्हेनियात ॲलनटाउनच्या बाजूला १९६८ ची फोर्ड मस्टँग फास्टबॅक (मागे उतरतं छप्पर असलेली) विकायला आहे. जाहिरातीत लिहिलंय की इंजिन १९९१ च्या मस्टँगमधलं ५.० लिटरचं, पाच गिअरचा टी-५ बॉक्स, कार्ब्युरेटरच्या जागी बसणारं फ्युएल इंजेक्शनचं किट, पुढे ‘मस्टँग टू’ (सत्तरच्या दशकातली मस्टँग) पद्धतीचं सस्पेन्शन, चारही चाकांना डिस्क, बाजूला जीटीचे बिल्ले आणि ‘फ्रेम-ऑफ रिस्टोरेशन’. विन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, ८टी०२सी ने सुरू होतो. शनिवारी बघायला जाताय आणि काय काय तपासायचं ते हवंय.

सुरुवात जाहिरातीपासूनच करू. या मस्टँगला वेगळी फ्रेमच नसते. बॉडीचा पत्रा हाच सांगाडा आणि पुढे-मागे पत्र्याच्याच पोकळ पेट्या वेल्ड करून रेल बनवलेले. शेव्हर्लेच्या शेव्हेलची बॉडी फ्रेमवरून उचलून बाजूला ठेवता येते, मस्टँगची उचलणार कशावरून? म्हणजे ‘फ्रेम-ऑफ’ लिहिणाऱ्याला एकतर गाडीची रचना ठाऊक नाही, नाहीतर भाव वाढवायला शब्द टाकलाय. माणूस लबाड असेलच असं नाही, पण त्याच्या बाकीच्या वाक्यांवरही तेवढाच विश्वास ठेवा.

मूळ अवस्थेतली गाडी घेताना फोर्डने काय बनवलं आणि इतक्या वर्षांत काय झिजलं एवढंच बघायचं असतं. बदललेल्या गाडीत तुम्ही कुणातरी तिसऱ्याच माणसाचं गॅरेजमधलं काम विकत घेत असता. म्हणून प्रत्येक बदलापाशी थांबून स्वतःला विचारा: हे बदललं तेव्हा याच्यासोबत आणखी काय बदलायला हवं होतं, आणि ते बदललंय का? माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बदललेल्या गाड्यांचं दुखणं या अर्धवट राहिलेल्या जोडीत असतं. चांगला भाग आणलेला असतो, त्याचा जोडीदार जुनाच राहिलेला असतो.

आणि क्रम पाळा. लोक पहिल्यांदा बॉनेट उघडतात, क्रोम बघतात, चावी फिरवून आवाज ऐकतात आणि तिथेच विरघळतात. या गाडीला लागणारं छोट्या ब्लॉकचं फोर्ड इंजिन अमेरिकेत कुठेही मिळतं आणि सहज बदलता येतं. सडलेली बॉडी मात्र सरळ करायला गाडीच्या किमतीइतका खर्च सहज येतो.

विन आणि कागद

८ म्हणजे १९६८, टी म्हणजे मेटचन कारखाना, ०२ म्हणजे फास्टबॅक आणि सी म्हणजे २८९ घन इंचांचं, दोन बॅरल कार्ब्युरेटरचं व्ही-८. नाव मेटचन असलं तरी तो कारखाना तुमच्या एडिसनमध्येच रूट १ वर होता, २००४ मध्ये बंद झाला. गाडी तुमच्या गावची निघाली! याने किंमत एका डॉलरनेही वाढत नाही, पण विकणारा ऐकवेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

‘सी’ अक्षराचा अर्थ गाडी जन्मतः १९५ अश्वशक्तीची. १९६८ ला जीटी पॅकेज घ्यायचं तर चार बॅरलचं इंजिन लागायचं, म्हणजे विनमध्ये जे किंवा एस असं अक्षर हवं. तेव्हा बाजूचे बिल्ले नंतर चिकटवलेले आहेत. तुम्हाला आवडत असतील तर राहू द्या, जीटीचा भाव देऊ नका. त्या वर्षीच्या खऱ्या शेल्बी (कॅरोल शेल्बीच्या नावाच्या खास मस्टँग) गाड्याही मेटचनहूनच निघाल्या, त्यामुळे फास्टबॅक शेल्बीचा विनही ८टी०२ नेच सुरू होतो, मात्र पुढचं अक्षर जे, एस किंवा आर असतं. उद्या कुणी ‘शेल्बीसुद्धा असू शकते’ असं सुचवलं तर हसून सोडून द्या.

विन कुठे बघायचा? १९६८ ला डॅशवरची पट्टी पॅसेंजरच्या बाजूला काचेतून दिसते. दुसरा, जास्त महत्त्वाचा ठसा ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या एप्रनवर (इंजिनच्या बाजूचा आतला पत्रा), फेंडरच्या म्हणजे मडगार्डच्या कडेखाली अर्धवट झाकलेला असतो. दारावरची माहितीची पाटी नवी छापून मिळते, तिच्यावर विसंबू नका. डॅश, एप्रन आणि टायटल (मालकीचा कागद) या तीन ठिकाणचे आकडे एकेक अक्षर जुळवा.

तुमच्या गाडीत इथे एक खास धोका आहे. ‘मस्टँग टू’ सस्पेन्शन बसवताना शॉक टॉवर (पुढच्या स्प्रिंगचा भार घेणारे पत्र्याचे खांब) कापतात, आणि बरेच जण दिसायला सपाट हवं म्हणून पूर्ण एप्रनच काढून नवा गुळगुळीत पत्रा लावतात. त्याबरोबर फोर्डचा ठसा भंगारात जातो. मग गाडीची ओळख उरते ती डॅशवरच्या दोन रिव्हेटांवर. उद्या नोंदणीच्या वेळी किंवा पुढे विकताना कुणी तपासायला आलं तर तुमच्याकडे दाखवायला काही नसतं. ठसा नसेल तर कापण्याआधीचे, आकडे वाचता येतील असे फोटो मागा. तेही नसतील तर माझ्या मते विषय तिथेच संपला.

कारफॅक्सवर (गाडीचा इतिहास सांगणारी सेवा) काही मिळणार नाही, १७ अक्षरी विन १९८१ पासूनचे. त्याऐवजी मार्टी रिपोर्ट मागवा. केविन मार्टी यांच्याकडे फोर्डचा १९६७ पासूनचा उत्पादनाचा तपशील आहे. मूळ रंग, गिअरबॉक्स, ॲक्सल, डीलर सगळं थोड्या डॉलरांत कळतं. शनिवारच्या आत येईल असा मागवा.

पेन्सिल्व्हेनियाची आणखी एक गंमत. गाडीवर अँटिक नंबरप्लेट असेल तर तिला वार्षिक सुरक्षा तपासणीतून सूट असते. म्हणजे कित्येक वर्षांत मालकाखेरीज कुणी त्या गाडीखाली डोकावलेलंच नाही, असं होऊ शकतं.

पत्रा

पहिल्यांदा काऊल. वायपरच्या खाली, काचेच्या पुढे जाळी दिसते ना, तिच्या आत पत्र्याची बंद पेटी आहे. कौलारू घराच्या पन्हळीसारखं तिचं काम, आणि पन्हळीसारखीच ती पाचोळ्याने तुंबते. त्या पेटीत दोन्ही बाजूंना हवेसाठी वर उचललेली गोल भोकं आहेत. ती मुळाशी सडली की पावसाचं पाणी थेट पायाशी पडतं. आतला पत्रा फोर्डने धड रंगवलाच नव्हता, आणि पेटी स्पॉट वेल्डने बंद असल्याने बाहेरून दिसत नाही. शोरूमसारख्या चकचकीत गाड्यांतही काऊल तसाच सडका सोडलेला मी पाहिलाय, कारण तो दुरुस्त करायचा म्हणजे पुढचे फेंडर काढून शेकडो स्पॉट वेल्ड ड्रिल करायचे.

तपासायची रीत सोपी आहे, फक्त विकणाऱ्याची परवानगी घ्या. पुढची दोन्ही कार्पेटं उचला. एकाने बाहेर जाळीवर पाइपने हळू पाणी सोडायचं, आधी ड्रायव्हरच्या बाजूला, मग दुसऱ्या. तुम्ही आत आडवे पडून टॉर्च घेऊन डॅशच्या खाली वर बघायचं. दोन-तीन मिनिटं धीर धरा. चांगल्या काऊलचं पाणी पुढच्या चाकांच्या मागे, फेंडरखालून जमिनीवर येतं. सडक्या काऊलचं आधी हीटरच्या खोक्यावर एक थेंब येतो, मग फायरवॉलवरून (इंजिन आणि केबिनमधली भिंत) ओघळ. परवानगी मिळाली नाही तर निदान टॉर्चने वर बघून सिलिकॉन, फायबरग्लासचे तुकडे किंवा ताजं काळं डांबरी सीलर फासलंय का ते बघा. नव्या गाडीत तिथे कुणी डांबर फासत नाही.

कार्पेट वर आहेच तर फ्लोअर बघून घ्या. नवे फ्लोअर पॅन बाजारात मिळतात, बदललेले असणं वाईट नाही. ते कसे जोडलेत ते बघायचं. जुना सडका पत्रा कापून सलग वेल्ड केलाय, की जुन्यावरच नवा ठेवून चार ठिपके मारलेत? एका गाडीत कार्पेटखाली जुनी नंबरप्लेट रिव्हेट मारून बसवलेली सापडली होती, वरून रबरी पेंट. मालकाला खरोखरच माहीत नव्हतं.

मग गाडी वर घ्या. शक्यतो त्याच परिसरातल्या एखाद्या गॅरेजची लिफ्ट तासाभरासाठी ठरवून ठेवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, स्टँड नसतील तर खाली जायचंच नाही. खाली चार जागा. पुढच्या चाकामागे जिथे रेल फ्लोअरला मिळतो तिथली टॉर्क बॉक्स (पत्र्याची जोडपेटी). बॅटरीखालचा एप्रन आणि त्याखालचा रेल, कारण बॅटरीचं ॲसिड वर्षानुवर्षं तिथे झिरपतं. मागे पाट्याचं पुढचं टोक जिथे बसतं तो रेल. आणि डिकी. या गाडीत पेट्रोलची टाकीच डिकीचा तळ असते, मॅट उचललं की टाकीचा वरचा भाग समोर दिसतो. तिच्या कडेने गंज असेल तर धुराचा आणि पेट्रोलचा वास थेट आत येतो. प्रत्येक ठिकाणी जाड स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. चांगला पत्रा टणटणीत वाजतो, सडका बोदा आवाज देतो. जाड काळा अंडरकोट सगळीकडे सारखा मारलेला असेल तर संशय धरा. ज्याने वेल्डिंग चांगलं केलंय तो ते झाकत नाही, उलट दाखवतो.

बाहेरून चपटा फ्रिज मॅग्नेट घ्या आणि मागच्या चाकांच्या कमानी, दारांचा खालचा वीतभर भाग, मागच्या काचेचे कोपरे यांवरून फिरवा. जिथे धरत नाही तिथे लांबी भरलीय. थोडी लांबी प्रत्येक जुन्या गाडीत असते, तेवढ्यावरून मागे फिरू नका. पेंटची जाडी मोजायचं मीटर मिळालं तर उत्तम. दुसऱ्यांदा रंगवलेल्या गाडीत तीन-चारशे मायक्रॉन चालतील, पण आकडा हजाराच्या वर गेला की आत लांबीचा थर आहे असं समजा.

शेवटी सांगाड्याची परीक्षा. दार बंद असताना फटी बघून ठेवा. जॅक ड्रायव्हरच्या बाजूला, पुढच्या चाकामागच्या रेलखाली लावून चाक जमिनीवरून जेमतेम सुटेल एवढं उचला आणि दार उघडून लावा. दार घासायला लागलं किंवा वरची फट डोळ्यांना दिसेल इतकी बदलली तर बॉडी वाकतेय. मग व्हीलबेस मोजा, दोन्ही बाजूंनी, चाकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत. १०८ इंच हवेत. डावी-उजवीत पाव इंचापेक्षा जास्त फरक असेल तर एकतर जुना अपघात, नाहीतर पुढचं सस्पेन्शन तिरकं वेल्ड केलंय.

जोड्या

पुढच्या सस्पेन्शनपासून सुरू करू, कारण तुमच्या गाडीत सगळ्यात मोठी कापाकापी तिथेच झालीय. मूळ मस्टँगमध्ये पुढची स्प्रिंग वरच्या आर्मवर बसते आणि तिचा भार शॉक टॉवर घेतो. टॉवर कापला की तो सगळा भार खालच्या रेलवर येतो, आणि रेल म्हणजे शेवटी पत्र्याची पोकळ पेटी. म्हणून टॉवर गेला त्याची जोड म्हणजे रेलला आतून-बाहेरून प्लेट आणि फायरवॉलपासून पुढे मजबुती. लिफ्टवर क्रॉसमेंबरची (दोन रेलांमधली आडवी तुळई) वेल्ड बघा. एकसारखी, सलग, दोन्ही बाजूंना सारखी लांब हवी. वेल्डच्या कडेला रेलवर केसासारखी चीर किंवा पेंट फाटलेला दिसला तर गाडी चालवूनच बघू नका. स्टिअरिंगच्या टाय रॉडचा (चाक वळवणारा दांडा) कोन खालच्या आर्मच्या कोनाशी जवळजवळ समांतर असावा. नसला तर खड्ड्यात चाक स्वतःहून वळतं, आणि तुमच्याकडच्या रस्त्यांवर ते रोज कळेल.

आता इंजिन. ५.० म्हणजे मूळचं ३०२ घन इंचांचंच, पण १९६८ चं ३०२ आणि १९९१ चं ३०२ बाहेरून सारखे दिसले तरी आतून काही गोष्टी वेगळ्या. खरंच १९९१ चं आहे का ते कास्टिंगच्या (ओतीव भागावरच्या) क्रमांकावरून कळतं. फोर्डच्या क्रमांकात पहिलं अक्षर दशकाचं. सी म्हणजे साठचं दशक, डी सत्तरचं, ई ऐंशीचं, एफ नव्वदचं. ब्लॉकवरचा नंबर स्टार्टरच्या वरच्या बाजूला असतो, आरसा आणि टॉर्च लागेल. सी८ दिसलं तर ब्लॉक १९६८ च्या सुमाराचा. ई७ दिसलं तर नंतरचा. १९९१ च्या गाडीतही ई७ कास्टिंग सापडतं, त्यात गडबड नाही.

पहिली जोड बॅलन्सची. जुन्या ३०२ चा क्रँक (इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा) २८ औंस-इंचाच्या असमतोलाचा, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासूनचा ५० चा. तो फरक पुढच्या डँपर पुलीत आणि मागच्या फ्लायव्हीलमध्ये भरून काढलेला असतो. नव्या क्रँकला जुनी पुली किंवा जुनं फ्लायव्हील लावलं तर इंजिन चालतं, पण आरपीएमबरोबर थरथर वाढत जाते आणि शेवटी मेन बेअरिंग जातात. न्यूट्रलमध्ये उभ्या उभ्या तीन हजारांपर्यंत हळू चढवा. हातातला कॉफीचा कप बोनेटच्या कडेवर ठेवला तर तो सरकू नये.

दुसरी जोड डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या भागाची. १९९१ च्या इंजिनात रोलर कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आहे, स्टीलचा. त्याला डिस्ट्रिब्युटरचं गिअरही स्टीलचं लागतं. जुना डिस्ट्रिब्युटर आणून ठोकला असेल तर त्याचं बिडाचं गिअर हळूहळू झिजून तेलात उतरतं आणि टायमिंग भटकायला लागतं. बिल मागा, डिस्ट्रिब्युटर कुठला ते विचारा. उत्तर ‘मिळाला तो लावला’ असं आलं तर तेल काढून फिल्टर कापून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. फायरिंग ऑर्डरसुद्धा (सिलिंडर पेटण्याचा क्रम) वेगळी आहे. जुनी १-५-४-२-६-३-७-८, नव्या ५.० एचओची (‘हाय आउटपुट’, जास्त ताकदीचं इंजिन) १-३-७-२-६-५-४-८. ही चुकली तर गाडी नीट चालतच नाही, त्यामुळे ती बरोबर असणारच, पण इंजिन ओळखायला वायर कुठे जातात ते बघून घ्या. जुन्या क्रमाने वायर लावलेलं इंजिन सुरळीत चालत असेल तर आतला कॅम १९९१ च्या एचओचा नाही, मग जाहिरात काहीही म्हणो.

तिसरी पाण्याच्या पंपाची. त्या काळच्या ५.० ला एकच लांब चपटा बेल्ट असायचा आणि पंप उलटा फिरायचा. पुढचा भाग बदलून जुने व्ही-बेल्ट लावले तर पंपही सरळ फिरणारा लागतो, पंखाही त्याच हिशेबाचा. इथे गल्लत झालेली गाडी थंडीत बरी चालते आणि जुलैमध्ये रूट १ च्या सिग्नलला उकळते. म्हणून गाडी गरम झाल्यावर वीस मिनिटं जागेवर चालू ठेवा. विकणाऱ्याला घाई असेल, तुम्हाला नाही.

कॅम मोठा टाकलाय का तेही विचारा. आयडलला तो घुडघुड आवाज सगळ्यांना आवडतो, पण त्याने व्हॅक्यूम पडतो. साध्या इंजिनाला १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) मिळतो, मोठ्या कॅमला दहा-बारावर येतो, आणि ब्रेकचा बूस्टर त्याच व्हॅक्यूमवर चालतो. सिग्नलला उभं असताना पेडल दगडासारखं कडक लागलं तर चार डिस्क असून उपयोग नाही. यावर व्हॅक्यूमची टाकी, पंप किंवा हायड्रॉलिक बूस्टर लागतो.

ज्यावरून मी सगळ्यात जास्त कटकट करतो ती जोड म्हणजे पेट्रोलची. कार्ब्युरेटरला पाच-सात पीएसआय दाब पुरतो. कार्ब्युरेटरच्या जागी बसणारी इंजेक्शन किट्स साठच्या आसपास चालतात. तेवढ्या दाबाला इंजेक्शनसाठी बनवलेलाच पाइप आणि त्यासाठीचेच क्लँप लागतात. साधा रबरी पाइप आणि स्क्रूचा क्लँप काही महिने टिकतो, मग एक दिवस गरम हेडरवर (इंजिनच्या धुराच्या पाइपांवर) पेट्रोलचा फवारा उडतो. टाकीपासून इंजिनपर्यंत सगळा पाइप हाताने चाचपत जा, प्रत्येक पाइपवर छापलेली अक्षरं वाचा. पंप टाकीच्या आत आहे की बाहेर रेलला लटकवलाय? बाहेरचा घूं घूं करतो आणि जुन्या टाकीत आडोसे नसल्याने पाव टाकीखाली वळणावर हवा ओढतो. आणि अपघातात पंप बंद करणारा इनर्शिया स्विच बसवलाय का, हा प्रश्न नक्की विचारा. १९६८ च्या गाडीत तो नव्हताच, पंप मेकॅनिकल होता, इंजिन थांबलं की थांबायचा. विजेचा पंप मात्र गाडी उलटली तरी पेट्रोल ओतत राहू शकतो, त्याला स्विच, रिले आणि फ्यूज हवेत.

वायरिंगचंही तसंच. गाडी मूळची थोडक्या काचेच्या फ्यूजवर चालणारी. आता तिच्यावर विजेचा पंखा, पंप, इंजेक्शनचा कॉम्प्युटर आणि बहुधा एक बूम बूम करणारा अँप. त्यासाठी १३० अँपिअरचा नवा ऑल्टरनेटर बसवतात, आणि त्याचा करंट जुन्या बारीक वायरीतून सोडतात. ऑल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत करंगळीच्या जवळपास जाड नवी वायर आणि तिला मोठा फ्यूज दिसला पाहिजे. डॅशखाली डोकावताना, पाण्याच्या परीक्षेच्या वेळीच, निळे टोचणारे कनेक्टर, नुसत्या पिळून टेप मारलेल्या वायरी आणि कुठेच न जाणारी टोकं शोधा. मग सगळं चालू करा, दिवे, पंखा, वायपर, रेडिओ, आणि बॅटरीवर मीटर लावा. आयडलला साडेतेराच्या खाली बसत असेल तर हिशेब चुकलाय.

ब्रेकसाठी पुढे-मागे दाब वाटणारा व्हॉल्व्ह आहे का एवढं बघा आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून होज कुठे घासत नाही ना तेही.

टी-५ च्या बाबतीत मनात एक मर्यादा धरा. फोर्डने १९९० पासूनच्या ५.० ला दिलेला बॉक्स ३०० पाउंड-फूट टॉर्कच्या हिशेबाचा होता. इंजिन त्यापेक्षा बरंच ताकदवान केलेलं असेल तर तिसरा गिअर पहिला जातो. जुन्या बोगद्यात नवा बॉक्स बसवताना त्याचा कोन मागच्या ॲक्सलशी जुळवावा लागतो, पाट्यांखाली पाचर घालून. तो आळस केलेला असेल तर ६० ते ६५ मैलांच्या वेगाला खालून घुमल्यासारखी थरथर येते, पाय वर घेतला की बदलते. मागचा ॲक्सल ‘नाइन इंच’ असल्याचं सांगितलं तर ॲक्सलच्या घराच्या पुढच्या बाजूचे खालचे दोन नट बघा. खऱ्या नऊ इंचीत तिथे सॉकेट सरळ बसत नाही, स्पॅनरच लागतो. आठ इंचीत सगळीकडे सॉकेट जातं. आठ इंचीही या इंजिनाला पुरतो, पण नऊचे पैसे का द्यायचे?

चालवताना

आदल्या रात्री फोन करून सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर आधी रेडिएटर आणि हेडरजवळ हात नेऊन बघा. थंड स्टार्टला निळा धूर क्षणभर आला तर व्हॉल्व्हच्या सीलचा, येतच राहिला तर रिंग. पांढरा धूर थांबत नसेल तर गॅस्केट. कॉम्प्रेशनपेक्षा लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणं) जास्त सांगते, कारण मोठा कॅम कॉम्प्रेशनचे आकडे आपोआप पाडतो. दहा टक्क्यांच्या आत गळती असेल तर निर्धास्त, विसाच्या वर गेली तर भावात इंजिनाचं काम धरा.

रेडिओ बंद ठेवा. आधी गल्लीत, मग हायवेला. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला जोरात चढवून बघा, चरचर येते का. रिकाम्या पार्किंगमध्ये तीसच्या वेगाने जोरात ब्रेक मारा. मागची चाकं आधी लॉक झाली तर तो दाब वाटणारा व्हॉल्व्ह कुणी लावलेला नाही किंवा जुळवलेला नाही. सरळ रस्त्यावर स्टिअरिंगवरची पकड जरा सैल करा. थोडी भटकेल, जुनी गाडी आहे, पण प्रत्येक ठिगळावर नाक दुसरीकडे वळवत असेल तर टाय रॉडच्या कोनाचं मी वर लिहिलंय ते आठवा.

टायर कितीही काळे चमकत असले तरी बाजूवरचा चार आकडी कोड वाचा, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. बसून राहणाऱ्या गाड्यांचे टायर खाच न झिजताच म्हातारे होतात. दहा वर्षांचे असतील तर चार नव्या टायरचे पैसे भावातून कापा.

बिलांची फाइल मागा. ज्याने मन लावून काम केलंय त्याच्याकडे ती असतेच, आणि उघड्या पत्र्याचे फोटोही. भाग आणि मजुरी मिळून त्याचा जितका खर्च झालाय तेवढी किंमत बदललेल्या गाडीला जवळजवळ कधीच येत नाही, त्यामुळे ‘माझेच एवढे गेलेत’ या वाक्यावर भाव ठरवू नका. घासाघीस करताना तुम्ही शोधलेल्या अर्धवट जोड्यांची यादी पुढे ठेवा, प्रत्येकीला दुरुस्तीचा आकडा लावून. चांगला विकणारा त्यावर बोलतो.

माझं मत विचाराल तर एप्रनवरचा ठसा, काऊल आणि क्रॉसमेंबरची वेल्ड या तीन गोष्टी स्वच्छ निघाल्या तर बाकी सगळं पैशाने सुटणारं आहे आणि गाडी घेण्यासारखी आहे. तिन्हींपैकी एक जरी गेली तर दुसरी शोधा, १९६८ ला मस्टँग लाखोंनी निघाल्यात.

सौदा झालाच तर त्याच दिवशी चालवत आणू नका. विमा आधी काढा, ठरलेल्या किमतीचा, साधा घसारा धरणारा नको. टायटलवर सही करताना विन पुन्हा एकदा एप्रनवरून वाचून जुळवा. आणि ट्रेलर भाड्याने घ्या. आय-७८ वर ट्रकांच्या मध्ये, दुसऱ्याने जोडलेल्या पेट्रोलच्या पाइपवर पहिली सफर करण्याची गरज नाही. घरी आली की पाइप आणि चार्जिंगची वायर आधी बदला, मग हवी तेवढी फिरवा.